सल्लागार कोणाचा, शरीर कोणाचे?

नवे औषध, नवे यंत्र किंवा अंगात बसवायचे नवे साधन प्रयोगशाळेतून बाजारात जाते, तेव्हा वाटेत एक उंबरठा लागतो. त्या उंबरठ्यावर तज्ज्ञ बसलेले असतात. कंपनी त्यांना विचारते, ‘हे चालेल का, कुठे खपेल, डॉक्टरांना कसे पटवावे?’ सरकार त्यांना विचारते, ‘हे सुरक्षित आहे का, परवानगी द्यावी का?’ वर्तमानपत्रे विचारतात, ‘या शोधाचा फायदा काय?’ आणि दवाखान्यात त्यांच्यासमोर बसून आपण विचारतो, ‘डॉक्टर, मी हे बसवून घेऊ का?’ विचारणारे चार, प्रश्न चार. पण उत्तर देणारा पुष्कळदा एकच माणूस असतो. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचे त्याला पैसे मिळालेले असतात आणि उरलेल्या तिघांना ते ठाऊक नसते.

औषधे आणि उपकरणे यांच्या दुष्परिणामांवर आपण स्त्री संघटनांनी खूप लिहिले, मोर्चे काढले, कोर्टात गेलो. पण या उंबरठ्यावर बसलेल्या सल्लागाराकडे आपले लक्ष कमी गेले आहे. कंपनी नफा पाहणार आणि सरकार लोकसंख्येचे आकडे पाहणार हे आपण गृहीत धरतो. तज्ज्ञ मात्र ‘तटस्थ’ असतो असे आपल्यालाही मनातून वाटत असते. ही तटस्थता तपासून पाहिल्याशिवाय मान्य करायची नाही, असे या लेखाचे म्हणणे आहे. आणि ज्या बाईच्या अंगात ती वस्तू जाणार, तिलाही त्या उंबरठ्यावर जागा हवी.

एका सुनावणीची गोष्ट

जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये गर्भनिरोधक गोळ्यांच्या धोक्यांवर सुनावणी सुरू झाली. सिनेटर गेलॉर्ड नेल्सन अध्यक्ष होते. बार्बरा सीमन या पत्रकार बाईंनी १९६९ मध्ये गोळीविषयी पुस्तक लिहून हा विषय चव्हाट्यावर आणला होता. सुनावणीत पहिल्याच दिवशी बोलणाऱ्या तज्ज्ञांत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉ. ह्यू डेव्हिस होते. गोळीमुळे बायकांना काय काय धोके होऊ शकतात, हे त्यांनी सांगितले. त्या काळच्या गोळ्यांत संप्रेरकांचे प्रमाण फार होते, त्यामुळे त्यांच्या म्हणण्यात तथ्यही होते.

त्यांनी जे सांगितले नाही ते असे. गर्भाशयात बसवायचे, आपल्याकडच्या लूपच्या जातीचे एक साधन त्यांनी एका अभियंत्याबरोबर तयार केले होते. त्याचे नाव डॅल्कन शील्ड. ते विकण्यासाठी काढलेल्या कंपनीत डेव्हिस यांचा ३५ टक्के हिस्सा होता. अशा साधनात तुमचे हितसंबंध आहेत का, असे सुनावणीत विचारले गेले तेव्हा त्यांनी ते नाकारले. पुढच्याच महिन्यात एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला: ६४० स्त्रियांना हे साधन बसवले, वर्षभरात गर्भ राहण्याचे प्रमाण फक्त १.१ टक्के. त्यातल्या कित्येक जणींनी ते साधन वापरून थोडेच महिने झाले होते. लेखकाचा हिस्सा लेखात कुठेच नमूद नव्हता. जून १९७० मध्ये ए. एच. रॉबिन्स या कंपनीने साडेसात लाख डॉलर आणि विक्रीवर १० टक्के मानधन या अटीवर साधन विकत घेतले. डेव्हिस यांना सल्लागार नेमले. आणि ‘१.१ टक्के’ हा आकडा जाहिरातीत झळकू लागला.

अमेरिकेत १९७६ पर्यंत अशा साधनांना विक्रीपूर्वी सरकारी परवानगीच लागत नसे. म्हणजे तज्ज्ञाचा शब्द हाच परवाना होता. जानेवारी १९७१ मध्ये साधन बाजारात आले आणि वीस लाखांहून अधिक अमेरिकन स्त्रियांनी ते बसवून घेतले. त्याचा दोरा अनेक बारीक तंतूंचा, वर आवरण असलेला होता. दिव्याची वात जशी तेल वर खेचते, तसा तो योनीतले जंतू गर्भाशयात वर खेचत असे. कंपनीतल्याच एका गुणवत्ता तपासनिसाने १९७१ मध्ये हे वरिष्ठांना सांगितले होते, पण कोणी ऐकले नाही. गर्भ राहण्याचे प्रमाण जाहिरातीतल्या आकड्याच्या कितीतरी पट निघाले. गर्भाशयाला आणि बीजवाहिन्यांना जंतुसंसर्ग, विषारी गर्भपात, कायमचे वंध्यत्व आणि काही जणींचे मृत्यू, इथपर्यंत गोष्ट गेली. जून १९७४ मध्ये अमेरिकेतली विक्री थांबली. १९८५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तीन लाखांहून अधिक दावे आले आणि भरपाईसाठी सुमारे अडीच अब्ज डॉलरचा निधी उभारावा लागला.

या सुनावणीची दुसरी बाजू आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. त्याच सभागृहात प्रेक्षकांत काही तरुण मुली बसल्या होत्या. वॉशिंग्टनच्या स्त्रीमुक्ती गटातल्या. त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारले, ‘गोळी खाणाऱ्या एकाही बाईला इथे साक्षीला का बोलावले नाही?’ त्यांना गप्प बसायला सांगितले गेले, बाहेर काढले गेले. म्हणजे ज्याचा छुपा व्यापार होता तो ‘तज्ज्ञ’ म्हणून टेबलाशी बसला आणि जिच्या पोटात गोळी जात होती ती ‘गोंधळ घालणारी’ ठरली. पण त्या गोंधळाचा परिणाम झाला. १९७० मध्येच गोळीच्या पाकिटात बायकांसाठी माहितीपत्रक घालण्याचा निर्णय झाला. पाकिटातला तो कागद तज्ज्ञांनी आपणहून दिलेला नाही, बायकांनी मिळवलेला आहे.

जाळीचा धडा

कोणी म्हणेल, ही पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, नंतर कायदे झाले. कायदे झाले हे खरे. १९७६ च्या अमेरिकन कायद्याने उपकरणांची वर्गवारी केली, तज्ज्ञांच्या सल्लागार समित्या आल्या. पण त्या कायद्यातच एक पळवाट राहिली: बाजारात आधीपासून असलेल्या वस्तूसारखीच आमची वस्तू आहे, एवढे दाखवले की नव्याने स्त्रियांवर चाचण्या करण्याची बहुधा गरज नाही.

बाळंतपणानंतर किंवा वय वाढल्यावर अंग बाहेर येणे, खोकला किंवा शिंक आली की लघवी सुटणे, हे त्रास आपल्याकडे घरोघरी आहेत. बाया सांगत नाहीत, एवढेच. पाश्चात्त्य देशांत या त्रासांवर प्लास्टिकची जाळी किंवा पट्टी आत बसवण्याची शस्त्रक्रिया १९९० च्या दशकात आली. प्रोटेजेन नावाच्या पट्टीला अमेरिकेत १९९६ मध्ये परवानगी मिळाली. तिचे दुष्परिणाम दिसून १९९९ मध्ये कंपनीने ती परतही घेतली. तोवर ‘आम्ही प्रोटेजेनसारख्याच’ म्हणून दुसरी पट्टी मंजूर झाली होती आणि तिच्या आधारावर पुढच्या कित्येक. जिच्या नावावर साऱ्या जणी आत आल्या ती स्वतःच बाहेर पडली, पण बाकीच्या राहिल्या.

या दुसऱ्या पट्टीमागचा तज्ज्ञांचा व्यवहारही पुढे उघड झाला. पट्टीचा शोध स्वीडनमधल्या डॉक्टरांचा होता. मोठ्या कंपनीने त्यांच्याशी संबंधित छोट्या कंपनीबरोबर करार केला. पुढच्या अभ्यासाचे निष्कर्ष पहिल्या अभ्यासापेक्षा फारसे वेगळे निघाले नाहीत तर चार लाख डॉलर द्यायचे, अशी त्या करारात अट होती. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०१८ मध्ये हे प्रसिद्ध केले. अभ्यास करणाऱ्याने खोटेपणा केला असे म्हणण्याचीही इथे गरज नाही. ‘चांगले निघाले तर पैसे’ असे लिहिलेल्या कागदावर सही केल्यावर त्या अभ्यासाला तटस्थ कोणी म्हणावे?

अनेक जणींचा त्रास या पट्टीने कमी झाला, हेही सांगितले पाहिजे. पण हजारो जणींच्या आत जाळीचे तुकडे झाले, ती मांसात रुतली, चालणे-बसणे-झोपणे आणि शरीरसंबंध असह्य झाले. त्या डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा ‘असे कोणाला होत नाही, तुमच्या मनाचा खेळ आहे’ असे त्यांना सांगितले गेले. अखेर त्यांनी आपापल्या देशांत एकमेकींना शोधले, गट केले, याद्या केल्या. अंग बाहेर येण्यावर योनीमार्गे बसवायच्या जाळीला ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये बंदी केली, अमेरिकेने २०१९ मध्ये तिची विक्री थांबवली. इंग्लंडने २०१८ मध्ये लघवीच्या त्रासावरच्या पट्टीलाही स्थगिती दिली. जुलै २०२० मध्ये तिथल्या बॅरोनेस कंबरलेज यांच्या चौकशी समितीचा अहवाल आला. स्त्रिया सांगत होत्या आणि व्यवस्था ऐकत नव्हती, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. डॉक्टरांच्या आर्थिक हितसंबंधांची सर्वांना पाहता येईल अशी नोंदवही करा, ही त्यातली एक शिफारस आहे.

आपल्या अंगणात

आता घरचे पाहू. गर्भलिंगनिदानाचा लढा आपल्यातल्या पुष्कळ जणींनी लढला आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या तज्ज्ञांनी १९७५ मध्ये गर्भजल तपासणीवरच्या एका लेखात, मुलगी नको असलेल्या जोडप्यांना या तपासणीने मुलाच्या आशेपोटी वाढणारी बाळंतपणे टाळता येतील, अशा अर्थाचे मत मांडले होते. सरकारी रुग्णालयांत पुढे मनाई झाली, पण खासगी बाजाराला दिशा मिळालीच. महाराष्ट्र शासनासाठी १९८६-८७ च्या सुमारास मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली, तेव्हा ४२ जण लिंगनिदानासाठी गर्भजल तपासणी करत होते. तपासणी विकणारे हेच, तिच्याबद्दल सल्ला देणारे हेच आणि कायदा नको म्हणणारेही त्यांच्यातलेच. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. तरी अंमलबजावणीसाठी सेहत, मासूम आणि साबू जॉर्ज यांना २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. सोनोग्राफी यंत्रे कोणाकोणाला विकली, याच्या याद्या कंपन्यांनी द्याव्यात, असा आदेश त्यानंतर निघाला. डॉक्टरांच्या संघटनांनी आपणहून अशी यादी कधी पुढे केली नव्हती.

गर्भनिरोधक इंजेक्शनांची कथाही तुम्हाला माहीत आहे. १९८५ मध्ये आंध्रातल्या पाटणचेरू इथे नेट-एन इंजेक्शनच्या शिबिरात बायकांना पुरेशी माहिती न देता बोलावले गेले. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने, सहेली आणि इतर गटांना बरोबर घेऊन १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १९९३ मध्ये डेपो-प्रोव्हेराला देशात विक्रीचा परवाना मिळाला. आधी इथल्या स्त्रियांवर चाचणी पूर्ण करायची हा नियम बाजूला ठेवून, विक्री झाल्यावर पाहणी करू, असे ठरले. पुन्हा कोर्ट. १९९५ मध्ये सरकारच्या औषध तांत्रिक सल्लागार मंडळाने, डेपो कुटुंबनियोजन कार्यक्रमात घेऊ नये, असे मत दिले. २०१५ मध्ये त्याच मंडळाने, स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घेऊन, होकार दिला. २०१७ पासून तेच इंजेक्शन ‘अंतरा’ नावाने सरकारी दवाखान्यात मिळू लागले.

मत बदलू नये असे नाही. वीस वर्षांत पुरावा वाढतो, तसे मत बदलायलाच हवे. पण मधल्या काळात, २००४ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच इंजेक्शनवर हाडे ठिसूळ होण्याविषयी ठळक इशारा छापायला लावला होता. मग आपल्याकडच्या तज्ज्ञांनी कोणता पुरावा पाहिला, आपल्या बायकांच्या कमी पोषणाचा आणि अशक्तपणाचा विचार किती केला, हे इंजेक्शन घेणाऱ्या बाईला तिच्या भाषेत कोणी सांगितले? वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरणाऱ्या संघटनांना त्या टेबलाशी काय स्थान होते?

चांगली वस्तू, वाईट वाट

इथे आपल्यावर एक आक्षेप नेहमी येतो: ‘तुम्ही बाया प्रत्येक नव्या शोधाला विरोध करता.’ म्हणून दोन उदाहरणे मुद्दाम अशी घेते, जिथे वस्तू उपयोगाचीच आहे.

लेट्रोझोल हे औषध मुळात पाळी गेलेल्या स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगावरचे. आपल्याकडे २००७ मध्ये ते मूल होत नसलेल्या तरुण स्त्रियांना द्यायला परवानगी मिळाली. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने मे २०१२ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेच्या कारभारावर आपला ५९ वा अहवाल दिला. त्यात या परवानगीवर कडक ताशेरे आहेत. जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० या काळात ३१ नवी औषधे भारतीय रुग्णांवर चाचणी न करता मंजूर झाली, असेही त्यात आहे. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वात बोलकी नोंद ही की, वेगवेगळ्या शहरांतल्या तज्ज्ञांनी एकाच औषधाबद्दल पाठवलेल्या शिफारशींची पत्रे जवळजवळ शब्दशः सारखी होती. ही पत्रे कंपन्यांनीच लिहिली असावीत आणि तज्ज्ञांनी खाली सह्या केल्या असाव्यात, असा निष्कर्ष समितीने काढला. लेट्रोझोलच्या या वापरावर २०११ मध्ये बंदी आली. पुढे परदेशात मोठे अभ्यास झाले, औषध उपयोगी असल्याचे दिसले आणि २०१७ मध्ये बंदी उठली. म्हणजे अखेर औषध चांगले ठरले. पण २००७ ते २०११ या काळात ज्यांनी ते घेतले, त्या बायका चाचणीतच होत्या. फक्त त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्यांची नोंदही कोणी ठेवली नव्हती.

दुसरे उदाहरण गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लसीचे. ही लस परिणामकारक आहे, जगभर दिली जाते. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वयाच्या सुमारे २४ हजार मुलींना ती एका प्रकल्पात दिली गेली. पाथ ही अमेरिकन संस्था आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांचा हा प्रकल्प होता, लस कंपन्यांनी पुरवली होती. मुलींमध्ये आदिवासी पुष्कळ, वसतिगृहातल्या पुष्कळ. आंध्रात अडीच हजारांहून अधिक संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांच्या सह्या होत्या. मार्च २०१० मध्ये समा आणि इतर गटांच्या कार्यकर्त्या तिथे जाऊन आल्या, त्यांनी आवाज उठवला आणि एप्रिलमध्ये प्रकल्प थांबला. सात मुलींचे मृत्यू झाले होते. त्यांचा लसीशी संबंध नसावा, असे चौकशीत म्हटले गेले. पण त्या चौकशी समितीतल्या तज्ज्ञांकडून हितसंबंधांची लेखी घोषणाच घेतली नव्हती, हे २०१३ मध्ये संसदीय समितीने दाखवून दिले. लस चांगली होती. पण तिची वाट अशी होती, की पुढची कित्येक वर्षे आईबापांच्या मनात संशय राहिला. त्या संशयाचा दोष आवाज उठवणाऱ्या बायकांवर टाकणे सोपे आहे. पण तो ज्यांनी संमतीपत्रांवर परस्पर सह्या चालवून घेतल्या त्यांचा आहे.

‘तज्ज्ञांशिवाय कसे चालेल?’

चालणार नाही. आपल्याला तज्ज्ञ हवेतच. शस्त्रक्रियेत काय अडते हे शस्त्रक्रिया करणाऱ्याला कळते. त्याने कंपनीच्या अभियंत्याला ते सांगितले नाही तर चांगले साधन बनणारच नाही. त्या कामाचा मोबदला त्याने घेतला, यातही गैर नाही. आपल्या चळवळीला मेडिको फ्रेंड सर्कलसारख्या गटांतल्या डॉक्टरांची साथ मिळाली नसती, तर डेपोचे कागद आपल्याला वाचताही आले नसते.

अडचण आहे ती दोन डगरींवर पाय ठेवण्याची. वस्तू घडवायला मदत करणाऱ्याने ती तपासायला बसू नये. कंपनीचा सल्लागार सरकारच्या समितीत बसला, तर निदान त्या विषयापुरते त्याने उठून बाहेर जावे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे माणसाच्या स्वभावातच आहे. डॉक्टर त्याला अपवाद आहेत असे मानणे हा त्यांच्यावरचाही अन्याय आहे.

अमेरिकेत २०१० मध्ये कायदा झाला. औषध आणि उपकरण कंपन्यांनी कोणत्या डॉक्टरला किती पैसे दिले हे सरकारला कळवायचे आणि सरकारने ते सर्वांसाठी खुले करायचे. २०१४ पासून तिथली कोणतीही बाई आपल्या डॉक्टरचे नाव घालून हे पाहू शकते. आपल्याकडे काय आहे? वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ मध्ये स्वतंत्र नियम झाले, एप्रिल २०२० पासून सगळीच उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली. विषयवार तज्ज्ञ समित्यांच्या शिफारशी प्रसिद्ध होतात. २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठी आणि नंतर उपकरण कंपन्यांसाठीही विक्रीची आचारसंहिता आली. भेटवस्तू, सहकुटुंब परदेशवाऱ्या यांवर तिने बोट ठेवले आहे. पण रीतसर करार करून डॉक्टरला ‘सल्लागार’ नेमायची मोकळीक ठेवली आहे. असे करार कोणाशी झाले, किती पैशांचे झाले, हे तुम्हाआम्हाला नाव घालून पाहता येईल अशी नोंदवही मात्र नाही. घड्याळ घेतलेले चालणार नाही. सल्ल्याची फी घेतली तर चालेल आणि ती कोणाला कळायचे कारण नाही, असा याचा अर्थ होतो.

आपल्याला बोलावणे आले तर

आता चित्र थोडे बदलले आहे. टेबलाभोवतीच्या खुर्च्यांपैकी एखादी आपल्यालाही मिळू लागली आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे औषधचाचण्या तपासणाऱ्या नीतिमत्ता समितीत किमान सात सदस्य असावे लागतात. त्यात एक सामान्य व्यक्ती आणि निदान एक स्त्री हवी, सामाजिक संस्थेचा प्रतिनिधीही घेता येतो. स्तनातल्या गाठी शोधणारी छोटी यंत्रे, मोबाईलवर गर्भाशयमुखाचा फोटो घेऊन निदान सुचवणारी साधने वस्त्यांमध्ये आणायची, तर बायका गोळा करायला संस्थाच लागतात. मग संस्थेच्या ताईंना ‘समाजाची प्रतिनिधी’ म्हणून बैठकीला बोलावले जाते.

जावे का? काही मैत्रिणी म्हणतात, जाऊच नये, आपला शिक्का वापरतात. मला वाटते जावे, पण अटी घालून जावे. आत कोणी नसले की काय होते, ते आपण पाहिले आहे. आणि अटींशिवाय आत गेलेली बाई हजेरीपटावरची सही होऊन राहते.

पहिली अट: कागद आधी द्या आणि मराठीत द्या. बैठकीत पन्नास पानी इंग्रजी गठ्ठा समोर टाकून ‘ताई, इथे सही’ चालणार नाही.

दुसरी: आपले विरोधी मत इतिवृत्तात आपल्या शब्दांत लिहिले जावे. ‘चर्चेअंती सर्वानुमते’ या दोन शब्दांखाली कितीतरी बायांचे प्रश्न गाडले गेले आहेत.

तिसरी: बैठकीतल्या प्रत्येकाने, कंपन्यांशी आपला काय व्यवहार आहे, हे सुरुवातीलाच लिहून द्यावे. आणि यात आपणही आलो. आपल्या संस्थेचा प्रकल्प ज्या निधीवर चालतो, तो निधी देणारा त्याच साधनाचा प्रचार करत असेल, तर आपणही तेवढ्यापुरते उठून बाहेर जायला हवे. डॉक्टरांना लावायची फूटपट्टी आपल्याला लावायची नसेल, तर ती हातात धरण्यात अर्थ नाही.

चौथी: वापरणाऱ्या स्त्रियांना बोलवा. आरोग्यावर वीस वर्षे काम केलेली कार्यकर्ती ही जाळी बसवलेल्या बाईच्या जागी बोलू शकत नाही. खुर्ची एकच असेल, तर ती कोणाला द्यायची हे आपण आधी आपसात ठरवावे.

पाचवी: गुप्ततेच्या कागदावर सही करताना, गटाला येऊन काय सांगता येईल, हे आधीच लेखी ठरवून घ्यावे. जी गटात परत येऊन काहीच बोलू शकत नाही, ती कोणाची प्रतिनिधी?

सरकारकडे मागायच्या गोष्टीही स्पष्ट आहेत. कंपन्यांकडून डॉक्टरांना आणि संस्थांना जाणाऱ्या पैशांची खुली नोंदवही. तज्ज्ञ समितीच्या प्रत्येक सदस्याची हितसंबंधांची घोषणा शिफारशीबरोबरच प्रसिद्ध करणे. अंगात बसवायच्या प्रत्येक साधनाची, बाईच्या नावानिशी, वर्षानुवर्षे ठेवायची नोंद आणि तिची एक प्रत तिच्या हातात. तांबी बसवलेल्या कितीतरी जणींना आपल्या आत कोणती तांबी आहे आणि ती कधी काढायची, हे माहीत नसते. इतकी साधी गोष्टही तज्ज्ञांच्या कोणत्या समितीला आजवर तातडीची वाटलेली नाही.

आणि हे होईपर्यंत थांबायचे कारण नाही. वस्तीत नवे यंत्र घेऊन कोणी शिबिराला आले, की चार प्रश्न मोठ्याने विचारायचे. याची तपासणी कोणावर झाली, आमच्यासारख्या बायकांवर झाली का? चुकीचे निदान झाले तर पुढचा खर्च कोणाचा? आमची माहिती, आमचे फोटो कुठे जाणार? आणि डॉक्टरसाहेब किंवा डॉक्टरबाई, या कंपनीकडून तुम्हाला काय मिळते? शेवटचा प्रश्न उद्धटपणाचा वाटेल. पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळेल. म्हणून एकटीने विचारू नका, दहा जणींनी मिळून विचारा. प्रामाणिक डॉक्टर त्याचे उत्तर सरळ देईल, आणि त्याच्या सल्ल्यावरचा आपला विश्वास वाढेलच.